बॅलेच्या वर्गातले पियानोवाले आजोबा

लेकीच्या बॅले शाळेत पालकांना वर्गात बसायची परवानगी अगदी क्वचित मिळते. एरवी आपण बाहेर बाकावर. मागच्या आठवड्यात तो योग आला. पोरगी कशी नाचते ते बघायला गेले होते, पण निम्मा वेळ माझं लक्ष कोपऱ्यात पियानोवर बसलेल्या पांढऱ्या केसांच्या आजोबांकडेच होतं.

आठ-नऊ वर्षांची मुलं, अजून पाय नीट वळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी प्रत्यक्ष वाजवणारा माणूस! समोर नोटेशनचा कागदही नाही. बाई मुलांना सांगतात, तॉन्द्यू (पाय जमिनीवरून ताणत न्यायचा आणि परत आणून मिटायचा), पुढे चार, बाजूला चार. हाताचा पंजा पायासारखा पुढेमागे करून दाखवतात, तोंडाने थोडं गुणगुणतात. आजोबांची नजर त्या हातावर. बाईंनी मान हलवली की लगेच चार मात्रांची सुरुवात आणि त्यातून नेमकी हवी तेवढी लय. प्लिए म्हणजे गुडघे वाकवण्याचा व्यायाम, तिथे संथ, लांब स्वर. पाय जोरात वर फेकायचा असतो तिथे लष्करी कवायतीसारखा ठोका. तोच व्यायाम डाव्या बाजूने सुरू झाला तेव्हा त्यांनी धून तीच ठेवली, फक्त पट्टी चढवली, आणि कंटाळलेली रांग पुन्हा ताठ झाली.

मग एका मुलीचा पाय सारखा उशिरा मिटू लागला. बाईंनी तिला एकटीला काही म्हटलं नाही. सगळ्यांना पियानोभोवती जमिनीवर बसवलं. आजोबांनी तोच तुकडा दोनदा वाजवला, एकदा पाय मिटण्याच्या जागी स्वर तोडून, एकदा लांबवून. कुठे मिटावंसं वाटतं, एवढंच बाईंनी विचारलं. मुलांनी मांडीवर टाळी देऊन जागा दाखवली. परत रांगेत उभी राहिली तेव्हा त्या मुलीचा पाय बरोबर जागेवर आला.

ही सिअ‍ॅटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅले या व्यावसायिक कंपनीची शाळा. कंपनी 1972 सालची, शाळा 1974 ची, आणि सिअ‍ॅटलशेजारच्या आमच्या बेलव्ह्यूत तिची शाखा आहे. 1977 पासून 2005 पर्यंत फ्रान्सिया रसेल आणि केंट स्टोवेल या जोडप्याने ती घडवली, त्यानंतर पीटर बोल आले. तिघेही न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये नाचलेले, म्हणजे तिचा संस्थापक नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलंचीनच्या घराण्यातले. बॅलंचीन स्वतः संगीतकाराचा मुलगा. सेंट पीटर्सबर्गला नृत्याबरोबर तो पियानोही रीतसर शिकला होता. या घराण्यात संगीताला इतका मान का, ते यावरून कळतं.

आणि हे नुसते लाड नाहीत, त्यामागे रोकडं कारण आहे. दर नाताळात कंपनी ‘नटक्रॅकर’ हा बॅले करते. 2015 पासून बॅलंचीनचीच, 1954 साली बसवलेली आवृत्ती असते. त्यात शाळेची मुलं शिपाई होतात, देवदूत होतात. मुख्य मुलीची आणि राजपुत्राची कामंसुद्धा मुलंच करतात. मॅकॉ हॉल या नाट्यगृहात रंगमंचापुढच्या खड्ड्यात कंपनीचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा बसतो. आज ऑर्केस्ट्राच्या संचालकाच्या हाताने लय किंचित सैल पडली, उद्या किंचित चढली, तरी त्या देवदूतांनी न गोंधळता सरकत जायचं असतं. जन्मभर एकाच रेकॉर्डिंगवर नाचलेल्या मुलाला हे रंगमंचावर ऐनवेळी कसं जमणार? कान आठव्या वर्षापासून तयार करावा लागतो.

मी पुण्यात कथकच्या मध्यमा परीक्षेपर्यंत पोचले. क्लासचं नाव घेत नाही, पण तिथे वर्षभर तबल्याचं मशीन आणि मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालाची फिरती धून, चालायचा. परीक्षा जवळ आली की साथीदार उगवायचे, आणि मग मुलींची धांदल, कारण माणूस मशीनसारखा वाजवत नाही. दून, म्हणजे दुप्पट लयीचा भाग, संपवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तबलजी आपल्याला सांभाळून घेतो, कधी डिवचतो, हे मला अठराव्या वर्षी कळलं. ज्या शहरात कथक गुरू रोहिणीताई भाटेंनी 1947 साली नृत्यभारती ही संस्था उभी केली, जिथे तबलजी हाकेच्या अंतरावर राहतात, तिथे मुलींनी स्पीकरवर तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, का करावा? साथीदाराचे पैसे परवडत नाहीत म्हणतात. पण फी वाढते ती वातानुकूलित हॉलसाठी आणि वार्षिक कार्यक्रमाच्या कपड्यांसाठी. याचा मला मनापासून राग येतो.

फी इथेही भरपूर आहे, आणि घरून ‘एवढे पैसे गोऱ्यांच्या नाचावर?’ हे ऐकावं लागतं. सासूबाईंचा प्रश्न जास्त सरळ असतो: ‘कथक आईला येतंय, मग पोरीला का नाही?’ येतंय ना. रोज रात्री जेवणानंतर तिच्याकडून पढंत, म्हणजे टाळी देत बोल तोंडाने म्हणणं, करून घेते. आणि इथे मला अभिमानाने सांगायचंय की लय मोजण्यात आपली पद्धत यांच्या कितीतरी पुढे आहे. इथली मुलं आठ-आठ मोजतात, पण बोल तोंडाने म्हणत नाहीत. आपली पोर हातावर टाळी-खाली धरून तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणते, तीनदा म्हणायची तिहाई नेमकी समेवर आणते, ती लय तिच्या अंगात भिनलेली असते. जमिनीवर बसून जागा दाखवायची होती तेव्हा पहिली टाळी माझ्या लेकीचीच पडली. आजोबांनी पियानोवरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तो श्रेय घेण्याचा हक्क मी बॅलेला देणार नाही, ते श्रेय तीनतालाचं आहे.

तरीही तिला इथेच ठेवणार. इथल्या मराठी मंडळातही मुलं गणपतीत रेकॉर्डिंगवरच नाचतात. माझ्या पढंतीला घरी तबला नाही, आणि आईच्या टाळीला आठवड्यातून तीनदा मिळणाऱ्या त्या पियानोची सर नाही. वर्ग संपताना मुलं आधी बाईंना वाकून नमस्कार करतात, मग पियानोकडे वळून आजोबांना. साथीदाराला गुरूइतकाच मान द्यायचा, हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही पुण्याला येतोय. कोथरूड किंवा सदाशिव पेठेच्या आसपास लहान मुलांचा असा कथकचा वर्ग हवाय, जिथे रोज तबला आणि हार्मोनियम प्रत्यक्ष वाजतं. फक्त परीक्षेपुरतं नव्हे, रोज. माहीत असेल तर जरूर कळवा. फी विचारणार नाही.