सावलीत काळा कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांत अर्धा चेहरा अंधारात बुडालेला पाहिला की प्रश्न ठरलेला: ‘काळा कुठल्या कंपनीचा वापरता?’

त्या अंधारात काळा जवळजवळ नसतोच. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा, एवढ्यावर भागतं. अंबर वाढवला की सावली उबदार, निळा वाढवला की थंड. ट्यूबमधला नुसता काळा फासला तर गालाला भोक पडल्यासारखं दिसतं. शिवाय अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. आपल्या मुंबईच्या जुलैत हा गुण फार मोलाचा.

खरी गोम थरात आहे. सावली टर्पेंटाइन घालून पातळ, खालच्या कॅनव्हासचा पोत जाणवेल अशी. उजेड मात्र जाड. डच चित्रकार रेम्ब्राँटच्या उतारवयातल्या चित्रांत कपाळावर, नाकावर रंग अक्षरशः लिंपलेला असतो. जाड रंगाच्या उंचवट्यावर खोलीतला प्रकाश अडतो आणि नजर तिथे थांबते. सावलीत तसा उंचवटा आला तर तो चकाकतो आणि अंधार फुटतो.

इथे कुणीतरी चित्रकार हळदणकरांच्या ‘समईवाली’चं, म्हणजे हातातल्या दिव्याने चेहरा उजळलेल्या बाईच्या चित्राचं, नाव काढतंच. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते चित्र जलरंगातलं आहे, हो! जलरंगात उजेडासाठी कागदाचा पांढरा आधीपासून राखावा लागतो. तैलरंगात तो शेवटी चढवता येतो. आम्हाला चैन आहे.

पण आधी उजेड एकाच बाजूने यायला हवा, आणि गिरगावच्या खोलीत तेच कठीण. समोरच्या इमारतीची भिंत दुपारी उजेड परत फेकते. म्हणून खिडकी झाकतो, ट्यूबलाइट बंद करतो, एक पिवळा बल्ब डोक्याच्या वर, तिरका लावतो. दुसऱ्या बाजूला काळी चादर, नाहीतर पांढरी भिंत सावली धुऊन टाकते. शेजारचे नाना असे बसले होते. सावलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण आणि खालच्या पापणीवर ओला ठिपका, एवढंच ठेवलं. जबड्याची कड कोरड्या ब्रशने पार्श्वभूमीत विरवली. नाना बघून म्हणाले, “अरे, माझा एक कान खाल्लास की!”

आयव्हरी ब्लॅकची ट्यूब घरात आहे, नाही असं नाही. यलो ओकर या मातकट पिवळ्यामध्ये कणभर मिसळला की हिरवट झाक येते. नानांच्या गुळगुळीत दाढी केलेल्या हनुवटीला तीच लागली.