आमची वाटचाल: मोतीबिंदूपासून परतीच्या वहीपर्यंत
२००४ च्या जून महिन्यात संगमनेरच्या बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही नेत्र रुग्णालय सुरू केले. मी नेत्रतज्ज्ञ आहे. हिशेब, खरेदी आणि चष्म्यांचा विभाग माझे यजमान सांभाळतात. तालुक्याच्या गावातील बहुतेक नेत्र रुग्णालयांप्रमाणे आमचाही संसार मोतीबिंदूवर उभा राहिला. मोतीबिंदूचा रुग्ण आपल्या पायांनी येतो, कारण त्याला दिसेनासे झालेले असते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की तो नातवंडांचे चेहरे ओळखतो आणि पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याला घेऊन येतो. आमचे पहिले कर्ज या रुग्णांमुळेच फिटले, याची जाणीव मला आजही आहे. मात्र गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आमच्या कामाला जे वळण लागले, ते आपणहून न येणाऱ्या दोन प्रकारच्या रुग्णांनी लावले. एक मधुमेही माणूस आणि दुसरे लहान मूल. या दोघांचा डोळा बिघडू लागतो तेव्हा तो बहुधा दुखत नाही, लाल होत नाही, आणि बराच काळ त्यांची कसलीच तक्रार नसते.

२००८ साली आम्ही लेझरचे यंत्र घेतले. त्याच वर्षी अकोले तालुक्यातील एक दूध संकलन केंद्र चालवणारे गृहस्थ जवळच्या चष्म्यासाठी आले. वय बावन्न, मधुमेह अकरा वर्षांचा, आणि दूरची नजर दोन्ही डोळ्यांची ६/६, म्हणजे तक्त्यावरची बारीक ओळही वाचता येईल इतकी चांगली. चष्म्याचा नंबर काढून त्यांना पाठवून देता आले असते. परंतु बाहुली मोठी करणारे थेंब घालून पाहिले, तेव्हा मागच्या पडद्यावर जागोजागी रक्ताचे बारीक ठिपके, पिवळसर साठे, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडाशी झाडाच्या केसमुळांसारखे नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले. अनेक वर्षांच्या साखरेने पडद्याच्या सूक्ष्म वाहिन्या गळू लागतात, काही बुजतात, आणि रक्तपुरवठा तुटलेला पडदा नव्या वाहिन्या उगवण्याची हाक देतो. या नव्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की त्या कधीही फुटू शकतात. एवढे होऊनही त्यांना शेवटची ओळ वाचता येत होती, कारण बारीक पाहण्याचे काम पडद्याच्या मधल्या एका छोट्या बिंदूवर चालते आणि तो बिंदू अजून शाबूत होता.

उजव्या डोळ्याला लेझरची पहिली बैठक झाली, दोन बाकी होत्या. ते परत आले नाहीत. दहा महिन्यांनी मुलाचा हात धरून आले आणि म्हणाले, "मॅडम, सकाळी उठलो तर डोळ्यापुढं काळं जाळं उतरलं होतं." डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता आणि पडदा ओढला जात होता. पुण्याला पाठवून शस्त्रक्रिया झाली, डावा डोळा लेझरने टिकला, उजव्याने मात्र त्यांना आज फक्त माणसाची हालचाल कळते. का आला नाहीत, असे मी विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, "तुम्ही म्हणालात लेझर झालं. दिसतही होतं. मग कशाला यायचं?" चूक माझी होती. बैठका तीन आहेत, लेझर नजर वाढवण्यासाठी नसून आहे ती नजर राखण्यासाठी असते, हे मी त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलेच नव्हते. लेझरने प्रगत अवस्थेतील रुग्णांचे मोठे दृष्टिनुकसान निम्म्याहून अधिक कमी होते, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ मध्येच दाखवून दिले होते; पण ते ज्ञान माझ्या डोक्यात राहून त्या गृहस्थांच्या उपयोगी पडले नाही. शिवाय ठरलेल्या दिवशी कोण आले नाही, हे कळण्याची काही सोयच आमच्याकडे नव्हती.

त्या आठवड्यात दोनशे पानांची एक जाड वही आणली. नाव, गाव, घरातील कोणाचा तरी फोन, पुन्हा येण्याची तारीख, आणि शेवटचा रकाना रिकामा. आम्ही तिला परतीची वही म्हणतो. दर शनिवारी दुपारी आमच्या स्वागतकक्षातील ताई रिकामे राहिलेले रकाने पाहून फोन करतात. "तुमची तारीख चुकली" या वाक्याने माणूस ओशाळतो आणि येतच नाही, हे त्यांनीच आमच्या लक्षात आणून दिले. त्या "मॅडमनी तुमची चौकशी केली आहे" असे म्हणतात. मिळणारी कारणे खरी असतात. कांद्याची काढणी चालू असते, सुनेचे बाळंतपण असते, पैशांची ओढाताण असते. थेंब घातल्यावर काही तास वाचता येत नाही आणि गाडीही चालवता येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी लागते आणि दोघांचा रोज बुडतो. हे ऐकून आम्ही पडद्याची तपासणी सकाळच्या वेळेत आणली, जेणेकरून दुपारची एसटी गाठता यावी.

पण सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण निराळे आहे: "साखर आता नॉर्मल आली आहे." साखर आटोक्यात ठेवल्याने डोळ्यांना होणारा अपाय कमी होतो, हे १९९३ च्या अमेरिकेतील आणि १९९८ च्या ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासांनी सिद्ध केले आहे आणि आम्ही ते प्रत्येकाला सांगतो. तरीही आधी झालेली इजा एका रिपोर्टने पुसली जात नाही, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर ती आणखी वाढते. प्रौढ वयातला मधुमेह कळण्याआधी कित्येक वर्षे अंगात असू शकतो, म्हणून निदान होताच पडदा तपासायचा आणि पुढे दरवर्षी; लहानपणी इन्शुलिन सुरू झालेल्यांनी निदानापासून पाच वर्षांच्या आत; आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांतच. गावातील फिजिशियन मंडळींना भेटून आम्ही एकच विनंती केली, की औषधांच्या चिठ्ठीच्या तळाशी "डोळ्याचा पडदा तपासून घ्या" एवढे लिहावे. चौकातल्या आमच्या फलकापेक्षा त्या एका ओळीने अधिक रुग्ण आले.

२०१४ मध्ये पडद्याचा थरांसह छेद दाखवणारे ओसीटी यंत्र कर्ज काढून घेतले. पडद्यावरील सूज त्यामुळे रुग्णाला चित्रात दाखवता येऊ लागली, आणि डोळ्यात इंजेक्शन घ्यायला तयार होण्यासाठी ते चित्र फार उपयोगी पडते. पुढच्याच वर्षी ही सूज उतरवणाऱ्या रॅनिबिझुमॅब या औषधाचे भारतीय बनावटीचे इंजेक्शन बाजारात आले आणि किंमत काहीशी आवाक्यात आली.

मुलांचे काम आमच्याकडे उशिरा आले आणि त्याने माझे मन अधिक व्यापले. तिरळेपणा भाग्याचा असतो, वय वाढेल तसा जातो, असे अजूनही ऐकावे लागते. परंतु तिरळा डोळा निदान दिसतो तरी. एका डोळ्याला मोठा नंबर असलेल्या मुलाकडे बाहेरून पाहून काहीच कळत नाही; ते दुसऱ्या डोळ्याने पाहत असते, स्वच्छ दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते, आणि मेंदू त्या धूसर डोळ्याकडून येणारे चित्र घेणे सोडून देतो. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत तो वळणावर आणणे सोपे असते; नंतरही प्रयत्न करावेत, पण हाती कमी लागते.

शाळेतल्या तपासणीतून पाच वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. तिची आजी विड्या वळते. उजवा डोळा झाकला की मुलगी माझा हात ढकलून देई, डावा झाकला तर स्वस्थ बसे. तेवढ्यावरच अर्धे निदान झाले. तीन दिवस घरी बाहुली मोठी करणारे अ‍ॅट्रोपिनचे मलम घालून आणायला सांगितले, अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपी केली, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर मोजला, तेव्हा डाव्या डोळ्याला अधिक पाचचा नंबर निघाला आणि नजर ६/३६. चष्मा दिला, काही आठवड्यांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी सुरू केली. आजी रागावल्या: "अहो बाई, चांगला डोळाच झाकता? आंधळी करायची का पोरीला?" त्यांचा राग रास्त होता. मी मुलीचा उजवा डोळा झाकून आजींना समोर बसवले आणि नात त्यांना कशी चाचपडत शोधते, ते पाहू दिले. मग आजींनीच उपाय काढला. पट्टीच्या वेळात त्या नातीपुढे ताटात तूरडाळ ओतून खडे निवडायला बसवत. एप्रिलच्या उकाड्यात पट्टीखाली पुरळ आले तेव्हा दोन दिवस थांबल्या आणि पुन्हा बसवले. चौदा महिन्यांनी त्या डोळ्याने ६/९ ची ओळ वाचली.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊ लागल्यापासून अशी मुले लवकर सापडतात. आम्ही व्यवसायाच्या बाजूने एक निर्णय घेतला, की लहान मुलांच्या चष्म्यावर नफा घ्यायचा नाही आणि वर्षभरात काच फुटली तर बदलून द्यायची. यजमानांनी प्रथम हिशेब मांडून दाखवला, नंतर तो कागद स्वतःच बाजूला ठेवला.

सर्वांत लहान रुग्ण नवजात अतिदक्षता विभागात असतात. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले बाळ असेल, तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत, आणि अगदी लहान असेल तर त्याहूनही आधी, त्याच्या पडद्याची तपासणी व्हायला हवी; अपुऱ्या वाढलेल्या रक्तवाहिन्या भलतीकडे वाढल्या तर लेझरसाठी दोन-तीन दिवसांचाच अवधी उरतो. त्यासाठी आम्ही एक रबरी शिक्का करून बालरोगतज्ज्ञांकडे दिला. डिस्चार्ज कार्डावर तो उमटतो आणि त्याखाली परिचारिका हाताने तारीख लिहितात. ज्या बाळांना उपचार लागतो, त्यांना आम्ही त्याच दिवशी नाशिकला पाठवतो.

आता दर गुरुवारी आम्ही अकोले गावात एका खोलीत बसतो, कारण राजूर-भंडारदऱ्याकडच्या माणसाला संगमनेर गाठेपर्यंत अर्धा दिवस जातो. परतीची वही सध्या सातवी चालू आहे. दूध केंद्राचे ते गृहस्थ दर सहा महिन्यांनी डाव्या डोळ्याच्या तपासणीला येतात, आणि गेल्या खेपेस त्यांनी सोबत आपल्या धाकट्या भावाला आणले होते, ज्याला मधुमेह झाल्याचे कळून जेमतेम आठवडा झाला होता.