आधी छत, मग जमीन

कान्हेरीला गाइड म्हणून कुटुंबं घेऊन जायची तर निम्मा जीव माकडांकडे ठेवावा लागतो. हातातली पिशवी कधी जाईल सांगता येत नाही. त्या रविवारी बोरिवलीला नॅशनल पार्कच्या फाटकावरच सगळ्यांचे वेफर्स सॅकमध्ये कोंबायला लावले आणि बसमध्ये बसवलं. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, त्यामुळे लहान मुलांना घेऊन चालत जायचा हट्ट मी कुणालाच करू देत नाही.

चार कुटुंबं होती. मुलांना सफारीतले सिंह बघायचे होते, आयांना सावली हवी होती. एका कुटुंबासोबत एक आजोबा होते. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, तोंडातून शब्द नाही. मुलगा म्हणाला, "घरात एकटे काय करणार, म्हणून आणलं."

माझा कार्यक्रम ठरलेला असतो. तिकीट काढून वर आलं की पहिल्या क्रमांकाचं लेणं लागतं. ते अर्धवट राहिलेलं आहे. दर्शनी भागात दोन-तीन माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे खांब, आणि आत खडक तसाच उरलेला. इतक्या वर्षांत मी तिथे एक मिनिटाहून जास्त थांबले नसेन. "हे पूर्ण झालं नाही, चला," एवढंच म्हणते आणि तिसऱ्या क्रमांकाकडे निघते, कारण तिथे दाखवायला खूप आहे. 34 खांबांचा चैत्य म्हणजे प्रार्थनेचं दालन, दाराशी साधारण 7 मीटर उंच बुद्ध, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला शिलालेख. फोटोही तिथलेच चांगले येतात.

तर मी "चला" म्हटलं आणि सगळे निघाले. आजोबा मात्र हलले नाहीत. ते भिंतीला तळवा लावून उभे होते.

"आजोबा, पुढे खरं बघण्यासारखं आहे."

"पोरी, खरं हितंच हाय," ते म्हणाले. "पुरं झालेल्या कामात काय दिसतंय? कसं केलं ते अर्ध्या कामात दिसतं."

मग कळलं, त्यांचं सगळं आयुष्य दगडाच्या खाणीत गेलेलं. त्याआधी पोरवयात बापाबरोबर दारोदार फिरून पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचे. त्यांनी बोट वर केलं. "छत आधी. मग खाली खाली यायचं. जमीन सगळ्यात शेवटी. खालून सुरू केलं तर वरचं काढायला परांची बांधावी लागंल, आन् कपच्या डोक्यात पडतील त्या येगळ्याच."

लेणी वरून खाली कोरत आणली, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि दर रविवारी पाठ म्हणतही होते. पण घाव कुठल्या बाजूनं पडला, हात कुठे टेकवला असेल, हे भिंतीवर बोट फिरवून मला कुणी दाखवलं नव्हतं. काही रेघा उभ्या होत्या, काही तिरक्या. "ही पहार. ही टाकी. आन् हा माणूस डावखुरा दिसतोय," असं म्हणून ते स्वतःच हसले. डावखुऱ्याचं खरं-खोटं देव जाणे, पण एव्हाना मुलं परत आली होती आणि भिंतीवर डावखुऱ्याचे घाव शोधत होती. सिंह मागे पडले.

काम का थांबलं, हे एका मुलीनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजोबा म्हणाले, "पैसा संपला आसंल, न्हाईतर दगूड वंगाळ लागला. दुसरं काय कारण आसतंय?"

तिसऱ्या लेण्यात गेल्यावर त्यांनी बुद्धांना हात जोडले आणि तडक खांबांकडे गेले. तिथेही काही खांब नक्षीदार, काही नुसतेच तासून सोडलेले. मी आपला या लेण्यासाठी दान देणाऱ्या व्यापारी भावांचा प्रसंग रंगवून सांगत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. लोहार कुठं बसायचा?"

"लोहार?"

"टाकी दिवसातनं कितींदा बोथट हुती म्हाईत हाय का? भट्टी पेटवून तिला पाणी द्यावं लागतं. लोहार जवळ नसंल तर काम बंद. एवढा डोंगूर फोडला, लोहार असणारच."

त्याची जागा मला ठाऊक नव्हती. पण एकदम आठवलं, कान्हेरीच्या शिलालेखांत एक लोहार आहे! राजे, सावकार, भिक्षुणी सांगताना मी त्याला नेहमी गाळते. प्राकृतातली एकच ओळ: कल्याणच्या नंद नावाच्या 'कमारा'नं दिलेलं दान. कमार म्हणजे लोहार. आणि दान काय, तर 'पथ'. वाट.

आजोबा खांबाच्या बुंध्याशी बसले. "लोहारानं रस्ता दिला?"

"हो."

पुढे ते फारसे बोलले नाहीत. वरच्या लेण्यांपर्यंत त्यांचे गुडघे चालणार नव्हते, म्हणून एका पाण्याच्या टाक्याशी नातवासोबत थांबले. आम्ही वरून दमून आलो तेव्हा नातवाचा वेफर्सचा पुडा माकडानं नेलेला होता आणि आजोबा हसून लाल झाले होते.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या मागच्या सीटवर होते. उतरायच्या आधी त्यांनी खांद्याला हात लावला.

"त्या लोहाराचं नाव काय म्हणालीस?"

"नंद. कल्याणचा."

"हं," ते म्हणाले. "आमचा भाईंदरचा हुता. रस्ता ऱ्हाऊ दे, टाकीला पाणी द्यायचं पैसं बी आगाऊ घ्यायचा."