काळ्या भिंतीवरची वंशावळ

ऑस्ट्रेलियन कलावंत आर्ची मूर यांच्या ‘किथ अँड किन’ या कलाकृतीमुळे व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात २०२४ साली सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय सहभागाचा सुवर्णसिंह ऑस्ट्रेलियाला प्रथमच मिळाला. पुरस्काराची चर्चा पुष्कळ झाली आहे; मला लिहायचे आहे ते भिंतीवरच्या मजकुराविषयी.

क्वीन्सलँडमधील टूवूम्बा येथे १९७० साली जन्मलेले मूर आईकडून कामिलारोई आणि बिगाम्बुल या मूलनिवासी समाजांचे, तर वडिलांकडून ब्रिटिश वंशाचे आहेत. प्रदर्शनातील ऑस्ट्रेलियाच्या दालनाच्या भिंतींना आणि छताला फळ्याचा काळा रंग देऊन त्यांनी पांढऱ्या खडूने, स्वहस्ते, आपली वंशावळ लिहिली. स्वतःपासून सुरू होऊन ती ६५,००० वर्षे मागे जाते आणि तिच्यात ३,४८४ जणांच्या नोंदी आहेत. मध्येच काळ्या पोकळ्या आहेत. कत्तली आणि गोऱ्यांबरोबर आलेल्या रोगराईने संपवलेल्या शाखांच्या त्या जागा. काही चौकटींत नावाऐवजी वसाहतवाल्यांनी वापरलेली हिणकस संबोधनेच आहेत, कारण दप्तरी तेवढेच नोंदले गेले.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती या माहितीची वाट. क्वीन्सलँडच्या १८९७ च्या ‘संरक्षण’ कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी मूलनिवासींचे राहणे, मजुरी, लग्न, मुले असे सारेच अधिकाऱ्यांच्या हाती सोपवले, आणि ज्याच्यावर हुकूम चालवायचा त्याची नोंद ठेवणे ओघानेच आले. सरकारी दफ्तरे, जुनी वृत्तपत्रे, मानववंशशास्त्रज्ञांची टिपणे यांतूनच मूर यांना आपली माणसे शोधावी लागली. ज्या कागदांनी कुटुंबे तोडली, त्यांच्याच आधाराने नाती पुन्हा जोडायची, ही लाचारी नव्हे. माझ्या मते दफ्तराकडून केलेली ती वसुली आहे.

दालनाच्या मध्यभागी, पाण्याने वेढलेल्या मोठ्या मेजावर, कोठडीत मरण पावलेल्या मूलनिवासींच्या चौकशी अहवालांचे ५०० हून अधिक गठ्ठे ठेवले होते. अशा मृत्यूंवरील शाही आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या होत्या, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. देशाच्या लोकसंख्येत ३.८ टक्के असलेला हा समाज तुरुंगांत मात्र एक-तृतीयांशाहून अधिक आहे. या अहवालांतली मृतांची नावे काळी करून झाकलेली होती. भिंतीवर पूर्वजांना नावानिशी उभे करणाऱ्या मूर यांनी इथे नावे मिटवली, ती मृतांचा मान राखण्यासाठी. सरकारी मिटवण्याशी या मिटवण्याची गल्लत करता येत नाही.