एक्स-रेवाला का पळतो

रंकाळ्यावर सकाळी फिरताना शेवाळावरून पाय सटकला आणि कंबर धरून राजारामपुरीत एक्स-रे काढायला जावं लागलं. पोरानं मला टेबलावर आडवं केलं, "काका, हलायचं नाही, श्वास धरा" म्हणाला आणि शिशाचा पत्रा मारलेल्या दाराआड पसार झाला. यंत्राचं तोंड माझ्याकडं, मग पळतोय हा का?

उत्तर संध्याकाळी तालमीत मिळालं. कंबरेमुळं खेळायचं नव्हतं, म्हणून कॅरम बघत बसलो. स्ट्रायकर सोंगटीला चाटून गेला. सोंगटी एकीकडं, तो दुसरीकडं, जोर दोघांत वाटलेला. 1923 साली आर्थर कॉम्प्टन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं प्रकाशाचा असाच डाव मांडला. एक्स-किरण ही प्रकाशाचीच एक जात. मॉलिब्डेनम या धातूचे एक्स-किरण ग्राफाइटवर सोडले, तर वळून आलेल्या काही किरणांची तरंगलांबी, म्हणजे लाटेच्या दोन शेंड्यांमधलं अंतर, वाढलेली. प्रकाश नुसती लाट असता, तर इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलून तीच तरंगलांबी परत मिळाली असती. हिशेब जुळला तो कणांच्या टकरीचा. काटकोनात वळलेल्या किरणाची वाढ 0.0024 नॅनोमीटर, मग समोर ग्राफाइट असो नाहीतर माझी कंबर. काही किरण जसेच्या तसेही आले. अणूशी घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनवर आपटायचं म्हणजे अख्ख्या अणूवरच आपटणं. स्ट्रायकर फ्रेमवरून रिबाउंड होतो तसं.

एका जागी मात्र कॅरम तोकडा पडतो. टकरीनंतर स्ट्रायकर मंदावतो, प्रकाशाचा कण नाही. त्याची ऊर्जा जाते, वेग तोच राहतो. तोटा दिसतो तरंगलांबीत. म्हणजे व्यवहार कणाचा आणि नोंद लाटेच्या खात्यात! हे मला अजून नीट पचलेलं नाही.

साध्या उजेडात हे उमगणं अवघडच. किरणोत्सवात अंबाबाईच्या चरणांशी येणाऱ्या मावळतीच्या उन्हाची तरंगलांबी सहाशे नॅनोमीटरच्या आसपास. त्यात एवढीशी भर पडली तरी कळणार कुणाला? एक्स-किरणांची लांबी मुळातच इवलीशी, म्हणून तिथं ती उघडी पडते.

तर कंबरेतल्या इलेक्ट्रॉनना धडकून किरण खोलीभर उधळत होते. मी एकदाच आडवा झालो. त्याच्यासमोर दिवसभर कुणी ना कुणी आडवं होतंच. पोरगा यंत्राला नाही, मला भिऊन पळाला होता.

तालमीतल्या दोस्तानं फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, डॉक्टरच्या थाटात मान हलवली. "मुका मार हाय, भावा. सरक तिकडं, पावडर टाकू दे."