सातपुड्यातली जडीबुटी पाठवता का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांचा फोन आला की एक प्रश्न हमखास येतो, तुम्ही शहाद्याचे ना, सातपुडा तर तुमच्या उशालाच, मग शुगरवर नाहीतर गुडघेदुखीवर काहीतरी अस्सल जंगली जडीबुटी पाठवा की. फोनवर उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

औषधी झाडं आहेत का? आहेत, भरपूर आहेत. तापीकाठची सपाटी सोडून तोरणमाळचा घाट चढायला लागा, वर साधारण साडेअकराशे मीटरपर्यंत जाता, आणि तेवढ्यात झाडोरा कितीतरी वेळा बदलतो. कोरड्या खडकाळ उतारावर सालई आणि धावडा, नाल्याला पाणी आहे तिथे अर्जुनसादडा नि जांभूळ, सावलीच्या दरीत शतावरी, गुळवेल, मुरुडशेंग. डोंगराची उन्हाची बाजू वेगळी आणि सावलीची वेगळी, म्हणून एवढं वैविध्य. सालईचा डिंक म्हणजे आयुर्वेदातली शल्लकी, ती सांध्यांच्या दुखण्यावर देतात, आणि धावड्याचा डिंक तर आपल्या घरच्या लाडवातच असतो.

पण झाड असणं वेगळं आणि औषध असणं वेगळं. कुडाच घ्या ना. जुलाबावर, आवेवर पांढऱ्या कुड्याची साल पिढ्यान् पिढ्या वापरतात, पण त्याच रानात काळा कुडाही असतो, त्यालाही पांढरीच फुलं, त्यालाही चीक, आणि साल वाळून पोत्यात पडली की भलेभले फसतात. झाडावर शेंगा असल्या तर ओळखता येतं, दोन्हीकडे शेंगा जोडीनेच लटकतात पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि पांढऱ्याच्या सुट्या. पावरा, भिल बायाबापड्यांना हे न सांगता कळतं, कुरिअरच्या पाकिटातल्या भुकटीत ते कोणालाच दिसत नाही. कळलावीचं तर बोलूच नका, इतकं देखणं लाल-पिवळं फूल, तिच्यातल्या कोल्चिसिनपासून गाऊटचं, म्हणजे युरिक अॅसिडमुळे सांधे सुजतात त्यावरचं, औषध होतं आणि तोच कंद मात्रा चुकली तर जीव घेतो.

आणि सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते सफेद मुसळीचं, म्हणजे ताकदीसाठी जिची मुळं घेतात तिचं. पावसाळ्यात पानं वर येतात, पावसाळा सरत आला की पिवळी पडून जातात, खालची मुळं खरी भरतात ती त्यानंतर. पण तेव्हा वर काहीच दिसत नाही, शोधायची कुठे? म्हणून मागणी वाढली की लोक पानं हिरवी असतानाच खणतात, बी पडायच्या आधी. मुळं कोवळी, हलकी, भाव कमी, आणि म्हणून आणखी जास्त खणायचं. मुळांच्या झुबक्याला वर एक डोळ्यांची चकती असते, तिचा तुकडा मुळासकट परत मातीत गेला तर पुढच्या पावसात फुटतो, नुसतं मूळ लावलं तर फुटत नाही. सगळा झुबका पोत्यात गेला की तिथली मुसळी संपली. यात मी खणणाऱ्याला दोष देणार नाही, पावसाळ्यात त्याच्या हाताला दुसरं काम कुठे असतं. मागणी आपली आहे, शहरातली.

म्हणून मी फळं आणि बिया आनंदाने पाठवतो. हिरडा, बेहडा, चारोळी, धडगावकडचा आमचूर, कुड्याच्या बिया म्हणजे इंद्रजव, हे बाजारातून घेतलं तर वेचणाऱ्या घराला दोन पैसे मिळतात आणि झाड उभं राहतं, तरी वेचणाऱ्याने थोडं बी रानात सोडायला हवंच. साल आणि मूळ मी पाठवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. मुसळी लागत असेल तर शेतात लावलेली मिळते, ती घ्या.

राहिला शुगरचा प्रश्न. त्यावर लोक गुडमार नावाची वेल घेतात. तिचं पान चावून वर साखर खाल्ली तर तोंडात वाळू घेतल्यासारखं लागतं, पानातलं द्रव्य जिभेवरची गोडाची जाणीव थोडा वेळ अडवतं, करून बघण्यासारखं आहे. पण म्हणून चालू गोळी बंद करायची नाही. गोळी चालू असताना रोज गुडमार घेणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, दोघांनी मिळून साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.