तिरकिट आणि 240 मिलीसेकंद

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम आमच्यासाठी आदल्या रात्रीच सुरू होतो. नरक चतुर्दशीला साडेपाचला पहिला सूर लागायचा असेल, तर कॅमेरे संध्याकाळीच उभे राहतात आणि साउंड चेक रात्री अडीचला. गेल्या वर्षी ठाण्यात, घोडबंदर रोडजवळच्या एका मैदानात असाच कार्यक्रम होता. गाणं, आणि मध्ये अर्धा तास तबला. चार कॅमेरे, स्टेजच्या दोन्ही बाजूंना एलईडी वॉल आणि घरून बघणाऱ्यांसाठी लाइव्ह. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर जायचं ते निवडणाऱ्या स्विचरवर मी होते.

तीनच्या सुमारास तबलावादक गुरुजी बसले. तबला सुरात लावून झाला, हात मोकळा करायला एक कायदा, म्हणजे तबल्याची ठरलेली रचना, धरला. वाजवता वाजवता त्यांची नजर डावीकडच्या वॉलवर गेली आणि हात थांबले.

"ताई, पडद्यावर माझं बोट समेनंतर पडतंय."

हेडफोन काढून मी मैदानात गेले. वॉलवर तबल्याचा क्लोजअप होता. शाईवर पडणारं एकेक बोट माणसाएवढं दिसत होतं. गुरुजींनी पुन्हा वाजवलं. कानात 'तिरकिट' संपत आलं, तेव्हा कुठे पडद्यावरचं पहिलं बोट खाली येत होतं. गायिकेच्या आलापाला हे कुणाला खटकलं नव्हतं. ओठ सावकाश हलतात, तिथे उशीर दडून जातो. तबल्याच्या बोटाला दडायला जागाच नसते.

मोजायचं कसं? एका मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि दुसऱ्या मोबाइलने, तो मोबाइल आणि वॉल एकाच चौकटीत येतील असे दहा फोटो काढले. दोन आकड्यांतला फरक सरासरी 240 मिलीसेकंद. मिनिटाला 240 मात्रांची द्रुत लय धरली तर एक मात्रा 250 मिलीसेकंदांची होते. म्हणजे आमचं चित्र जवळजवळ अख्खी मात्रा मागे होतं.

तुझ्याकडे चित्राला किती उशीर होतो, असं मी एकेकाला विचारत गेले. कॅमेरावाला म्हणाला, दोन फ्रेम. स्विचरची एक फ्रेम मला माहीत होती. हे कॅमेरे बाहेरचा सिंक घेत नाहीत, म्हणून स्विचर प्रत्येकाला थांबवून रांगेत घेतो. चित्राचा आकार जुळवणाऱ्या मधल्या स्केलरची एक. एलईडीच्या प्रोसेसरच्या दोन. कुणीच खोटं बोलत नव्हतं. "माझ्याकडे काय, एखाद-दुसरीच फ्रेम" असं जो तो म्हणत होता, आणि त्याच्यापुरतं ते खरंही होतं. पण सगळी वाट मोजायला कुणी बसलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. आम्ही सेकंदाला 25 फ्रेमवर चालवत होतो, एक फ्रेम 40 मिलीसेकंदांची. सहा फ्रेम, 240.

साउंडच्या दादाने मदतीचा हात पुढे केला, "स्पीकरचा आवाज तेवढा मागे नेतो." मी नको म्हटलं. पुढच्या रांगांना खरा तबला आधी आणि स्पीकरचा नंतर, असा दोनदा ऐकू आला असता. आवाज बिघडवून चित्र सुधारायचं नव्हतं.

मग सगळंच 50 फ्रेमवर नेलं. फ्रेम तेवढ्याच, पण प्रत्येक 20 मिलीसेकंदांची. उशीर एका फटक्यात निम्मा. फक्त कॅमेऱ्याचं चित्र आणणाऱ्या एसडीआय केबलवरचा भारही दुप्पट होतो, सेकंदाला दीड गिगाबिटवरून तीनवर. मागच्या कॅमेऱ्याची लांब जुनी केबल तिथेच हरली आणि चित्रात पांढरे ठिपके चमकायला लागले. कॅमेरा वीस पावलं पुढे आणला, दुसरी आखूड केबल टाकली. फ्रेमिंग थोडं बदललं, चालून गेलं. स्केलर होता तो केवळ प्रायोजकाच्या लोगोसाठी. लोगो स्विचरच्या कीअरवर, म्हणजे चित्रावर चित्र बसवायच्या सोयीवर, घेतला आणि ती पेटीच काढली.

एलईडीवाला मुलगा प्रोसेसरचा लो लेटन्सी, म्हणजे कमी उशिराचा मोड चालू करायला बिचकत होता. त्या मोडला मागची डेटा केबल उभ्या रांगांनी जोडलेली लागते, आणि वॉल मध्येच काळी पडली तर जाब त्यालाच विचारला जाणार होता. आम्ही दोघं टॉर्च घेऊन वॉलच्या सांगाड्याच्या, ट्रसच्या मागे गेलो. दवाने पत्रा ओला झाला होता. जोडणी उभीच निघाली.

राहिला गिंबलचा, म्हणजे हातात धरून न हलता फिरवायचा वायरलेस कॅमेरा. त्याचा ट्रान्समीटर चित्र कॉम्प्रेस करून पाठवतो, त्यामुळे तो आपला वेगळाच वेळ खातो. तबला चालू असताना तो वॉलवर घ्यायचा नाही, एवढं टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपसातल्या हेडफोनवर, सगळ्यांना सांगितलं.

पुन्हा फोटो. आता 80 ते 90.

आकड्यावर माझा विश्वास बसेना म्हणून स्पीकरपासून तीस मीटर मागे जाऊन एका खुर्चीत बसले. आवाजाला एक मीटर कापायला साधारण 3 मिलीसेकंद लागतात, तीस मीटरला जवळपास 90. तिथे बोट आणि बोल अगदी एकत्र पडत होते. अगदी पुढे बसणाऱ्याला फरक पडणार, पण त्याला गुरुजी समोर दिसत असताना तो वॉल कशाला बघेल?

एक गोष्ट मात्र सुटली. लाइव्हसाठी साउंड मिक्सरवरून येणारा आवाज मी 120 मिलीसेकंद थांबवलेला होता, जुन्या हिशोबाने: कॅमेऱ्याच्या दोन आणि स्विचरची एक फ्रेम. आता तिथे 60 हवे होते. कार्यक्रम सुरू झाल्यावर दुसऱ्या गाण्यात, हेडफोनमध्ये टाळी जराशी उशिरा आली तेव्हा लक्षात आलं आणि आकडा बदलला. घरून कुणाची तक्रार आली नव्हती. चित्रामागून येणारा आवाज आपण बराच सोसतो. दूरचा माणूस घण मारताना आपण नेहमी तसंच पाहिलेलं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही आवाज 45 मिलीसेकंद आधी आला तरी जाणवतो, मागे मात्र 125 पर्यंत जाणवत नाही, असं धरलंय. वॉलवर आमची चूक नेमकी नको त्या दिशेची होती. आवाज आधी, बोट मागून.

साडेसहाला गुरुजींनी तीनताल धरला. क्लोजअप कट करून मी तसाच ठेवला, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. जलद बोलांचा रेला सुरू झाला तेव्हा डावीकडची माणसं वॉलवरची बोटं बघत मांडीवर ताल धरत होती. गुरुजींनी वॉलकडे एकदाही पाहिलं नाही.

आठ वाजता माणसं पांगली, तरुण मंडळी तलावपाळीकडे निघाली. ती जुनी केबल गुंडाळताना मी तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावली आणि मार्करने लिहिलं: फक्त 25.